काठी, थैली आणि चंद्रकोर : याव्नेमधला एका तिथीचा वाद

यहुदी वर्षात योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाइतका कडक दिवस दुसरा नाही. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. कामाला हात लावायचा नाही, पैशाला शिवायचं नाही, हातात वस्तू घेऊन रस्त्यानं जायचं नाही, वस्तीपासून दोन हजार हातांपलीकडे पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी जो काम करील त्याचा देव स्वतः त्याच्या लोकांतून नाश करील, असं लेवीय ग्रंथाचा २३वा अध्याय बजावतो.

आणि तरी एका वर्षी, इ.स. पहिलं शतक संपून दुसरं उजाडण्याच्या सुमारास, रब्बी येहोशुआ बेन हनन्या या नावाजलेल्या पंडितांना निरोप आला : तुमच्या हिशेबानं ज्या दिवशी योम किप्पूर येतो, त्या दिवशी हातात काठी आणि पैसे घेऊन माझ्याकडे यायचं, हा माझा हुकूम आहे. निरोप धाडणारे होते रब्बान गमलिएल, याव्ने इथल्या धर्मसभेचे प्रमुख.

येहोशुआंनी धर्म सोडला नव्हता, कुणाचं काही बळकावलं नव्हतं. दोन साक्षीदारांची साक्ष खोटी आहे, असं एका सहकाऱ्यानं म्हटलं आणि येहोशुआंनी त्याला दुजोरा दिला, एवढाच त्यांचा गुन्हा.

हे प्रकरण मिश्नाच्या, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाच्या, 'रोश हशाना' या भागात, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येतं. मजकूर दोन छोट्या परिच्छेदांत संपतो. मी तो जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा वेगळ्याच माणसाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, म्हणून एकदा सगळं सलग मांडायचं ठरवलं.

महिना कसा लागत असे

आपल्याकडे प्रतिपदा कधी लागते हे पंचांग आधीच छापून सांगतं आणि कोर डोळ्यांना दिसते ती बहुधा बीजेला. त्या काळच्या यहुदी लोकांत याच्या उलट होतं. कोर कुणीतरी डोळ्यांनी पाहायची, पाहणाऱ्यानं धर्मसभेपुढे येऊन सांगायचं, सभेनं साक्ष तपासायची आणि मग महिना लागायचा. महिना २९ दिवसांचा किंवा ३० दिवसांचा. एकोणतीस दिवस संपल्यावर येणाऱ्या संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली आणि तिसाव्या दिवशी साक्ष मान्य झाली, तर तोच दिवस नव्या महिन्याचा पहिला. साक्ष आली नाही किंवा फेटाळली गेली, तर पहिला दिवस एकाने पुढे जायचा.

एरवी एका दिवसानं फार बिघडत नसे. पण एलूल महिन्यानंतर येतो तिश्री. तिश्रीचा पहिला दिवस म्हणजे रोश हशाना, नवं वर्ष. दहावा म्हणजे योम किप्पूर. एका संध्याकाळची कोर धरली की नाही, यावर अख्ख्या समाजाचा उपासाचा दिवस ठरायचा.

ही व्यवस्था माणसांच्या पायपिटीवर उभी होती, आणि मिश्ना तिचं वर्णन फार जिव्हाळ्यानं करते. यरुशलेममध्ये 'बेथ याझेक' नावाचं एक मोठं अंगण होतं. साक्षीदार तिथं जमायचे आणि त्यांना भरपेट जेवण वाढलं जायचं, का, तर पुढच्या वेळीही यायची सवय राहावी. जी जोडी आधी पोचली तिची तपासणी आधी. दोघांतल्या मोठ्याला आत घ्यायचं आणि विचारायचं : चंद्र सूर्याच्या पुढे होता की मागे? उत्तरेला की दक्षिणेला? किती उंचावर? कोणत्या बाजूला कललेला? किती रुंद? मग दुसऱ्याला वेगळं विचारायचं. दोघांचं जुळलं की साक्ष पक्की. त्यानंतर आलेल्या जोड्यांनाही चार प्रश्न विचारायचे. गरज म्हणून नव्हे. एवढ्या लांबून आलेली माणसं हिरमुसून परत जाऊ नयेत म्हणून. शेवटी सभाप्रमुख म्हणायचा, 'पवित्र झाला', आणि जमलेले सगळे लोक उत्तर द्यायचे, 'पवित्र झाला, पवित्र झाला.'

चालता न येणाऱ्या साक्षीदाराला गाढवावर बसवून आणायची मुभा होती, वेळ पडली तर खाटेसकट. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सक्त विश्रांतीच्या दिवशीही.

इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसनं यरुशलेमचं मंदिर जाळलं आणि हे सगळं काम किनारपट्टीजवळच्या याव्ने गावी आलं. गमलिएल तिथले प्रमुख झाल्यावर त्यांनी आपल्या माडीवरच्या खोलीत एक फळा ठेवला आणि भिंतीवरही चंद्राच्या कलांची चित्रं काढून घेतली. गावाकडचा साधा माणूस आला, त्याला उत्तर-दक्षिण नीट सांगता येईना, की ते बोट दाखवून विचारायचे, 'असा दिसला, का असा?' हुकूम सोडणाऱ्या गमलिएलांवर रागावण्याआधी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावं. मेंढपाळाला घाबरवून सोडण्यापेक्षा त्याला चित्र दाखवून बोलतं करणारा हा माणूस होता.

वादाचं मूळ

मिश्नात दोन साक्षी लागोपाठ दिल्या आहेत. पहिल्या जोडीनं सांगितलं, की सकाळी पूर्वेला पाहिला आणि संध्याकाळी पश्चिमेला पाहिला. रब्बी योहानान बेन नूरी म्हणाले, हे खोटे साक्षीदार. पण ते याव्नेला पोचले तेव्हा गमलिएलांनी त्यांची साक्ष स्वीकारली. दुसऱ्या जोडीनं सांगितलं, की वेळेवर पाहिला, पण दुसऱ्या रात्री दिसला नाही. गमलिएलांनी हीही साक्ष स्वीकारली.

यावर रब्बी दोसा बेन हर्किनास उसळले. त्यांचं वाक्य मिश्नानं जसंच्या तसं जपलंय : हे खोटे साक्षीदार आहेत; बाई बाळंत झाली अशी साक्ष देता आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर तिचं पोट दातांना लागलेलं, हे कसं शक्य आहे? रब्बी येहोशुआ त्यांना म्हणाले, 'तुमचं म्हणणं मला दिसतं.' हिब्रूत 'पटतं' ऐवजी 'दिसतं' असंच क्रियापद आहे. चंद्र दिसला की नाही या भांडणात ते मला नेमकं वाटतं.

दोसांचा मुद्दा आकाशाच्या हिशेबानं भक्कम आहे. चंद्र रोज सूर्यापासून सुमारे १२ अंश पूर्वेकडे सरकतो आणि सरासरी ५० मिनिटं उशिरा मावळतो. पहिल्या संध्याकाळी केसाइतकी बारीक कोर दिसली असेल, तर दुसऱ्या संध्याकाळी ती जाड, उंच आणि न चुकण्यासारखी असणार. आदल्या दिवशीची बारीक दिसली आणि नंतरची ठसठशीत दिसली नाही, याचा सरळ अर्थ पहिलं दिसणं हा भास होता. पांढुरक्या ढगाची कड किंवा डोळ्यांवरचा ताण, काहीही असेल.

मग गमलिएलांनी ती का मानली? तालमुद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्यांच्या तोंडी एक उत्तर घालतो : माझ्या आजोबांच्या घरची परंपरा अशी, की चंद्र कधी लांबच्या वाटेनं येतो, कधी जवळच्या. पुढे एक आकडाही येतो : एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंतचा काळ साडेएकोणतीस दिवस, दोन तृतीयांश तास आणि ७३ भाग यांहून कमी नसतो. तासाचे १,०८० भाग धरले, तर हे २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं आणि तीन-सव्वातीन सेकंद होतात. आजच्या सरासरीशी तुलना केली तर फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास. हाच आकडा दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या खगोलग्रंथातही आहे. तो गमलिएलांच्या तोंडी नंतर घातला गेला असावा असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही तसंच वाटतं. पण त्यांच्या घरात चंद्राचं गणित चालत होतं, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. भिंतीवरची चित्रं तेच सांगतात.

माझ्या मते मात्र गणितापेक्षा मोठं कारण दुसरीकडे आहे. एकदा चाळीसहून जास्त जोड्या साक्ष द्यायला निघाल्या होत्या आणि रब्बी अकिवांनी त्यांना लोद गावी थांबवलं, एवढ्यांची काय गरज म्हणून. गमलिएलांनी त्यांना निरोप पाठवला : इतक्या लोकांना अडवलंत, तर पुढे त्यांचा पाय अडखळेल. म्हणजे गमलिएलांचं लक्ष पुढच्या वर्षावर होतं. दोन शेतकरी दिवसभर चालत आले, भर सभेत खोटे ठरले, ही बातमी गावोगाव गेली, तर पुढच्या एलूलमध्ये टेकडीवर चढून पश्चिमेकडे बघत कोण बसेल? शिवाय साक्ष द्यायची असते पाहिल्याची. न दिसण्यामागे ढगही असू शकतो. पहिल्या संध्याकाळची साक्ष तपासात टिकली, तर दुसऱ्या रात्रीचा रिकामा पश्चिम क्षितिज तिला रद्द करत नाही, असं त्यांनी धरलं असावं.

दोसा आकाशाबद्दल बरोबर होते. गमलिएल साक्षीदारांबद्दल बरोबर होते. पेच तिथेच आहे.

दोन माणसं

गमलिएल हिल्लेल या थोर पंडिताच्या घराण्यातले. आजोबा थोरले गमलिएल. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौल ज्यांच्या पायाशी शिकल्याचं सांगतो तेच. घराणं, पैसा, अधिकार सगळं होतं.

येहोशुआ लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या वंशातले. मंदिर उभं होतं तेव्हा तिथल्या गायकांत त्यांची जागा होती. तालमुदमधली एक आठवण मला विसरता येत नाही. तरुण येहोशुआ एकदा मंदिराचे दरवाजे लावायला योहानान बेन गुदगदा यांच्या मदतीला गेले. त्यांनी येहोशुआंना थांबवलं : मागे फीर बाळा, तू गाणाऱ्यांतला, दरवाजे सांभाळणाऱ्यांतला नाहीस. कुणाचं काम कुणी करायचं याचे धडे ज्यानं असे दारातच घेतले, त्याच माणसाला पुढे म्हातारपणी आपल्या पंडिताईची हद्द कुठे संपते हे ठरवावं लागलं.

वेढा पडलेल्या यरुशलेममधून गुरू योहानान बेन झक्काय यांना प्रेत म्हणून शवपेटीत घालून बाहेर काढणाऱ्या शिष्यांपैकी येहोशुआ एक होते. म्हणजे याव्नेची पाठशाळा ज्या धाडसावर उभी राहिली त्यात त्यांचा खांदा होता. पोट भरायला ते हातानं काम करत. बाबिलोनियाचा तालमुद त्यांना कोळसेवाला किंवा लोहार म्हणतो, यरुशलेमचा तालमुद सुया बनवणारा म्हणतो.

आणि त्यांना आकाशाचं कळत नव्हतं असं कुणी समजू नये. एकदा हे दोघे एकाच जहाजातून चालले होते. गमलिएलांनी फक्त भाकरी घेतली होती, येहोशुआंनी भाकरी आणि पीठ. प्रवास लांबला, गमलिएलांची भाकरी संपली, येहोशुआंच्या पिठावर निभावलं. उशीर होणार हे कसं कळलं, असं विचारल्यावर येहोशुआ म्हणाले, सत्तर वर्षांनी एक तारा उगवतो आणि खलाशांना वाट चुकवतो. या वेळी तो उगवेल असं वाटलं. सुमारे ७६ वर्षांनी येणाऱ्या हॅलेच्या धूमकेतूशी या ताऱ्याची सांगड अनेकांनी घातली आहे. तो असो वा नसो, ज्याला हुकूम मानायला लावलं तो आकाश वाचणारा माणूस होता.

हुकूम एवढा कडक का

गमलिएल नुसतं 'माझ्या तारखेला उपास करा' म्हणू शकले असते. येहोशुआ तो मुकाट करत होते की नाही हे कुणी तपासायला गेलं नसतं. त्यांनी मागितलं ते वेगळं. तुम्ही ज्याला महापाप समजता ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करा, चालत या, काठी धरा, पैसे घ्या. खासगी मत कितीही ठेवा, पण तुमच्या मागे दुसरा योम किप्पूर उभा राहणार नाही, हे लोकांना दिसलं पाहिजे.

दुसरा योम किप्पूर ही कल्पनेतली भीती नव्हती. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत जी हस्तलिखितं सापडली त्यांत हबक्कूक संदेष्ट्यावरचं एक भाष्य आहे. त्यात 'दुष्ट याजक' हा 'नीतिमत्त्वाच्या गुरू'च्या मागे लागून, योम किप्पूरच्या विश्रांतीच्या दिवशी त्याच्या निवासापर्यंत येऊन धडकल्याचा उल्लेख आहे. ही हस्तलिखितं ज्या पंथाची, त्याचं वर्ष ३६४ दिवसांचं होतं, म्हणून त्यांचा उपासाचा दिवस आणि याजकाचा दिवस वेगळा. एकाचा सर्वांत पवित्र दिवस दुसऱ्याला स्वारी करण्याजोगा साधा दिवस. तिथी फुटली की लोक फुटतात, हे गमलिएलांच्या आधीच्या पिढ्यांनी पाहिलं होतं.

आणि आता मंदिरही नव्हतं. राजा नव्हता, वेदी नव्हती, सैन्य नव्हतं. पूर्वी ऑलिव्ह पर्वतावर मशाली पेटवायचे; लांब देवदाराच्या काठीला वेत, चीडाचं लाकूड आणि अंबाडीचा काथ्या बांधायचा, पेटवून पुढे-मागे, वर-खाली हलवायची, समोरच्या सर्ताबा डोंगरावरचा माणूस तसंच करताना दिसेपर्यंत. तिथून ग्रोफिना, तिथून हौरान, तिथून बेथ बाल्तीन, आणि सगळा परदेशातला समाज एका मोठ्या आगटीसारखा दिसू लागायचा, असं मिश्ना म्हणते. शोमरोनी लोकांनी खोट्या मशाली पेटवून गोंधळ घातल्यावर निरोप्ये पाठवायला लागले. निरोप्या वेळेत पोचेलच असं नसे, म्हणूनच परदेशातले परंपरा पाळणारे यहुदी आजही बहुतेक सण एक दिवस जास्त पाळतात. विखुरलेल्या लोकांना एकत्र बांधणारा धागा म्हणून तारीखच उरली होती.

हा धागा किती लांब पोचला याचा आपल्याला जवळचा पुरावा आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला, गावच्या भाषेत शनवार तेल्यांना, कित्येक शतकं ना तालमुद माहीत होता ना याव्नेच्या रब्बींची नावं. पण योम किप्पूर त्यांच्याकडे होता, 'दारफळणीचा सण' या नावानं : पांढरे कपडे घालायचे, दार लावून घरात बसायचं, बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. रोश हशाना होता 'नव्याचा सण'. धर्मग्रंथ हरवले, भाषा हरवली आणि तिथी तेवढी मराठी नाव घेऊन टिकली.

अकिवा आणि दोसा

हुकूम मिळाल्यावर येहोशुआ खचले. अकिवा त्यांना भेटायला गेले तेव्हा ते अगदी व्याकूळ होते. बाबिलोनियाच्या तालमुदमध्ये त्यांचे शब्द आहेत : हा हुकूम होण्यापेक्षा बारा महिने अंथरुणाला खिळून राहणं बरं होतं.

अकिवा शिष्य. शिष्यानं गुरूला समजवायचं म्हणजे जपूनच. त्यांनी गुरूचाच धडा गुरूला परत ऐकवला. लेवीय २३ मध्ये देव म्हणतो, हे माझे नेमलेले सण, 'ते' तुम्ही जाहीर करायचे. 'ते' या अर्थाचा हिब्रू शब्द ज्या अक्षरांत लिहिला आहे, तीच अक्षरं 'तुम्ही' अशीही वाचता येतात. आणि शब्द तीनदा येतो. म्हणून : तुम्ही, चुकून ठरवलं तरी, तुम्ही, जाणूनबुजून ठरवलं तरी, तुम्ही, कुणी फसवलं म्हणून ठरवलं तरी. चंद्र वर काय करतो यावर सण ठरत नाही; तुमच्या सभेनं जाहीर केलं की तोच देवाचा सण. यावर येहोशुआ म्हणाले, 'अकिवा, तू माझं सांत्वन केलंस, सांत्वन केलंस.'

तेवढ्यावरही ते थांबले नाहीत. ते दोसांकडे गेले. या प्रकरणात मला सर्वांत जास्त ओढ आहे ती दोसांची. 'खोटे साक्षीदार' म्हणणारे पहिले तेच. येहोशुआंनी दुजोरा दिला तो त्यांच्याच मताला. वाकायची पाळी मात्र येहोशुआंवर आली. दोसा म्हणू शकले असते, ताठ राहा, मी तुमच्या पाठीशी आहे.

ते म्हणाले : आपण रब्बान गमलिएलांच्या सभेचा निवाडा उकरून काढायला लागलो, तर मोशेच्या दिवसांपासून आजपर्यंत उभ्या राहिलेल्या प्रत्येक सभेचा निवाडा उकरावा लागेल. निर्गम ग्रंथाच्या २४व्या अध्यायात मोशे, अहरोन, नादाब, अबीहू आणि इस्राएलाचे सत्तर वडील वर गेले असं आहे. त्या सत्तरांची नावं का दिली नाहीत? म्हणून, की इस्राएलावर न्यायसभा म्हणून बसलेले कोणतेही तिघे मोशेच्या सभेइतकेच आहेत हे कळावं.

यात त्यांनी काय केलं आणि काय केलं नाही, ते बारकाईनं पाहावं. साक्ष खरी होती असं ते म्हणाले नाहीत. आपलं मत त्यांनी मागे घेतलं नाही. प्रश्न बदलला. आकाशात काय घडलं हा एक प्रश्न, शेवटचा शब्द कुणाचा हा दुसरा. पहिल्यात तुम्ही बरोबर असाल; दुसऱ्यात तुमच्या बरोबर असण्याला जागा नाही. नावं न दिलेल्या सत्तरांचा दाखला तर फार धारदार आहे. नाव असतं तर कुणी म्हटलं असतं, गमलिएल काय मोशेच्या काळच्या अमक्याएवढा मोठा आहे का? नावच नाही, तेव्हा तुलना करायची सोयच उरली नाही.

अकिवांनी मन हलकं केलं. दोसांनी वाट मोकळी केली. सल्ला त्याच मताच्या माणसाकडून आला नसता तर येहोशुआ गेले असते का, याची मला शंका आहे.

तो दिवस

स्वतःच्या गणितानं योम किप्पूर असलेल्या दिवशी येहोशुआंनी काठी आणि पैसे हातात घेतले आणि ते याव्नेला गेले. मिश्ना वाटेचं वर्णन करत नाही. गमलिएल उठून उभे राहिले, त्यांनी येहोशुआंच्या मस्तकाचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, 'या, सुखानं या, माझे गुरू आणि माझे शिष्य. विद्येत माझे गुरू, आणि माझा शब्द मानलात म्हणून माझे शिष्य.'

या वाक्यात गमलिएल स्वतःहून कबूल करतात, की ज्ञानात तुम्ही माझ्यापेक्षा वरचढ आहात. तेही उभं राहून. साक्षीबद्दल 'तुमचं चुकलं' असा एक शब्द नाही. अधिकार आणि विद्या या दोन गोष्टी त्यांनी एकाच श्वासात वेगळ्या करून दाखवल्या.

येहोशुआंची कृतीही नुसती शरणागती नव्हती. अखनायच्या भट्टीच्या प्रसिद्ध वादात, बहुमताविरुद्ध आकाशवाणी झाली तेव्हा उभं राहून 'ती स्वर्गात नाही' असं सांगणारे हेच येहोशुआ. तोरा, म्हणजे देवाचं धर्मशास्त्र, माणसांच्या हाती दिली आहे, निर्णय सभेच्या बहुमतानं होतो, हे तत्त्व त्यांचंच. आता तेच तत्त्व त्यांच्या अंगावर उलटून आलं आणि त्यांनी ते अंगावर घेतलं.

फेडावी लागलेली किंमत

इथं प्रकरण संपलं असतं तर गमलिएलांच्या बाजूनं निकाल देऊन मोकळं होता आलं असतं. पण ते संपलं नाही.

पुढच्या वर्षी संध्याकाळची प्रार्थना सक्तीची की ऐच्छिक, यावरून पुन्हा तोच प्रकार. गमलिएलांनी येहोशुआंना पाठशाळेत उभं केलं आणि स्वतः बसून शिकवत राहिले. लोकांचा धीर सुटला. अजून किती छळणार? गेल्या वर्षी रोश हशानाला छळलं, रब्बी सादोकच्या प्रकरणात छळलं, आता इथंही. चला, याला पदावरून काढू. आणि खरंच काढलं. तरुण एलाझार बेन अझऱ्या प्रमुख झाले, दारावरचा पहारेकरी हटवला आणि पाठशाळेत बाकं वाढवावी लागली. कुणी म्हणतं ४००, कुणी ७००.

'गेल्या वर्षी रोश हशानाला' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. कपाळावरच्या त्या चुंबनानं येहोशुआंचं समाधान झालंही असेल, पण बघणाऱ्यांच्या मनातून ती काठी आणि ते पैसे गेले नव्हते. तिथी एकच हवी हा गमलिएलांचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. वृद्ध विद्वानाला त्याच्या सर्वांत पवित्र दिवशी रस्त्यानं चालवणं मला मान्य नाही. हुकूम आवश्यक होता, त्याचं रूप नव्हतं. आणि तालमुदनं तो हिशेब स्वतःच वहीत मांडून ठेवला आहे.

पदावरून उतरल्यावर गमलिएल क्षमा मागायला येहोशुआंच्या घरी गेले. भिंती काळ्या पडलेल्या. ते म्हणाले, भिंतींवरून दिसतं की तुम्ही कोळशाचं काम करता. येहोशुआ म्हणाले, 'ज्या पिढीचे तुम्ही पुढारी आहात तिची दैना असो. विद्वानांचे हाल तुम्हाला माहीत नाहीत, ते कसे कमावतात, कसे जगतात.' गमलिएलांनी क्षमा मागितली; येहोशुआंनी लक्ष दिलं नाही. 'माझ्या वडिलांच्या मानासाठी तरी,' म्हटल्यावर ते विरघळले. गमलिएल पदावर परत आले, पण एकट्यानं नाही. चारपैकी एका शब्बाथला शिकवण्याचा मान एलाझारकडे राहिला.

ज्या माणसाला गमलिएल आपला गुरू म्हणाले होते, त्याच्या घरात ते तोवर एकदाही आलेले दिसत नाहीत. आले असते तर भिंती आधीच पाहिल्या असत्या.

नातू आणि पुतण्या

मिश्ना संकलित केली ती इ.स. २०० च्या सुमारास रब्बी येहुदा हनासी यांनी. ते गमलिएलांचे सख्खे नातू. आजोबांचा निर्णय टिकला होता, पद घराण्यातच होतं. 'खोटे साक्षीदार' हे वाक्य गाळणं त्यांच्या हातात होतं. बाळंतिणीच्या पोटाचा दाखला आणि 'तुमचं म्हणणं मला दिसतं' हे सगळं गाळून नुसतं चुंबन ठेवता आलं असतं. त्यांनी हरलेल्या बाजूचा सर्वांत जोरदार युक्तिवाद जिंकलेल्या बाजूच्या निर्णयाशेजारीच लिहून ठेवला. पुढे चौथ्या शतकात, परंपरेनुसार इ.स. ३५८-५९ मध्ये, दुसऱ्या हिल्लेलनं गणिताचं पक्कं पंचांग दिलं आणि साक्षीदारांची गरजच संपली. पण वादाची नोंद राहिली.

आणि येहोशुआंचा एक पुतण्या होता, हनन्या. तो बाबिलोनियाला गेला आणि काही काळानं तिथूनच महिने ठरवू लागला, अधिक महिने घालू लागला. याव्नेच्या परंपरेतून दोन विद्वान त्याला आवरायला गेले. त्यांनी लोकांना सांगितलं : ऐकत असाल तर बरं, नाही तर डोंगरावर चढा, तुमचा पुढारी अहिया वेदी बांधो, हनन्या वीणा वाजवो, आणि सगळे मिळून म्हणा की इस्राएलाच्या देवात आमचा वाटा नाही. वीणेचा उल्लेख अचूक होता. हनन्या लेवी होता, मंदिरातल्या गायकांच्या कुळातला, काकांसारखाच.

तालमुद सांगतो, हे ऐकताच सगळे लोक हुंदके देऊन रडू लागले आणि म्हणाले, 'देव न करो. आमचा वाटा आहे.'